वचनात नसलेलं आश्वासन पदरचं घालू नका

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही कृषी केंद्रात, म्हणजे बियाणं-खतांच्या दुकानात, कामाला आहात. तुमच्या चर्चच्या पाळकांकडे चार गावांच्या ख्रिस्ती मंडळ्या आहेत, म्हणून महिन्यातल्या एका रविवारी गावातल्या उपासनेत संदेश द्यायचं, म्हणजे प्रवचन करायचं, काम मंडळीच्या वडीलमंडळींनी तुमच्यावर टाकलं आहे. सेमिनरीचं, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेचं, शिक्षण नाही. काहीजण म्हणतात, केवढा मान मिळाला. काहीजण बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं वचन दाखवून घाबरवतात. तुम्ही विचारता, याला मान समजू की ओझं, तयारी कशी करू, आणि मोबाईलवर ऐकलेलं एखादं चांगलं प्रवचन तसंच सांगितलं तर चालेल का.

मी 34 वर्षं यवतमाळ आणि वाशीम जिल्ह्यांतल्या खेड्यांत पाळक होतो, आता निवृत्त आहे. आधी माझी एक चूक सांगतो, कारण तुम्हाला जे सांगायचं आहे ते मला तिथेच कळलं.

पाळक होऊन तीन-चार वर्षं झाली होती. रोहिणी संपत आल्या होत्या, सगळे आभाळाकडे बघत होते. त्या रविवारी मी बायबलमधल्या मलाखी या पुस्तकातलं 3:10, म्हणजे तिसऱ्या अध्यायातलं दहावं वचन, घेतलं. दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, भांडारात आणा आणि मी आकाशकपाटं उघडतो की नाही ते पाहा, असं देव म्हणतो, तो भाग. बोलता बोलता अंगात आलं आणि मी म्हणालो, "जो देवाचं देवाला देईल, त्याच्या शेतावर देव आभाळ उघडेल. यंदा बघाच!" लोकांनी जोरात 'आमेन' म्हटलं. मला फार बरं वाटलं.

'यंदा बघाच' हे शब्द मलाखीत नाहीत. ते माझ्या पदरचे. मंडळीतल्या एका घरानं त्याच आठवड्यात बियाण्यासाठी ठेवलेल्या पैशातून दशमांश दिला आणि उरलेल्या पैशात थैल्या आणून कपाशीची धूळपेरणी केली. एरवी तो माणूस चांगला ओलावा झाल्याशिवाय बी जमिनीत घालत नसे. मृगाचा एक सडाका आला, बी उगवलं, आणि पुढचे अठरा दिवस आभाळ कोरडं. कोंब करपले. दुबार पेरणीसाठी त्यांनी सावकाराकडून पैसे काढले. तरी पुढच्या रविवारी दोघं उपासनेला होते, नेहमीच्या जागी. उपासना झाल्यावर त्याची बायको थांबली आणि म्हणाली, "साहेब, एक इचारू का? बियानं देवानं नेलं का तुमी?" आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळून घ्यायचं होतं.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन मी मलाखी पहिल्यांदा अख्खा वाचला. चारच अध्याय आहेत, पंधरा मिनिटं लागतात. पहिल्याच अध्यायात देव रागावतो तो शेतकऱ्यांवर नाही, याजकांवर, म्हणजे पुजाऱ्यांवर. आंधळी-लंगडी जनावरं वेदीवर आणता आणि वर विचारता, आम्ही काय चूक केली! म्हणजे त्या पुस्तकातला पहिला फटका वेदीपाशी उभ्या असलेल्या माणसाला आहे, आणि मी ते सोडून मधली एक ओळ उचलून समोर बसलेल्यांवर फेकली होती. दशमांश कशासाठी, तेही तेव्हाच नीट वाचलं. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातल्या 14:29 प्रमाणे तिसऱ्या वर्षीचा दशमांश लेवी (मंदिराची सेवा करणारे), उपरा, पोरका आणि विधवा यांनी पोटभर खावं म्हणून गावातच ठेवायचा होता. बियाण्याचे पैसे काढून द्यायला त्यात कुणी सांगितलेलं नाही.

पुढच्या रविवारी मंडळीसमोर कबूल केलं की मी देवाच्या नावावर जे बोललो ते देव बोलला नव्हता. थैल्यांचे पैसे हप्त्यानं फेडले. घेत नव्हते, मी ठेवून आलो. सावकाराचं व्याज मात्र त्यांनाच भरावं लागलं.

आता याकोब 3:1 कडे या. तुमच्यापैकी पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, कारण शिक्षकांचा न्याय अधिक कडक होईल, असं तो म्हणतो. तुम्हाला घाबरवणारे ते वचन वाचून थांबतात. पुढे वाचलं तर सगळा अध्याय जिभेबद्दल आहे. एवढीशी ठिणगी आणि केवढं रान पेटतं. यहेज्केल 33 मधला पहारेकरी दोषी ठरतो तो तलवार येताना दिसूनही गप्प राहिला म्हणून. यिर्मया 23 मधले संदेष्टे दोषी ठरतात ते देव बोलला नसताना बोलले म्हणून. उपदेशकाची जबाबदारी मला या दोघांच्या मधे दिसते. वचन जे म्हणतं ते कुणाला आवडो न आवडो, सांगायचं. आणि जे म्हणत नाही ते लोकांना कितीही हवं असलं तरी घालायचं नाही. आपल्या भागात दुसरी चूक जास्त होते. समोरचा माणूस इतका गांजलेला असतो की त्याला आशा द्यावीशी वाटते, आणि देवाच्या नावानं दिलेली आशा आपल्याला फुकट पडते.

आजाराचंही तसंच. आजाऱ्यासाठी प्रार्थना करा, याकोब 5:14 सांगतो त्याप्रमाणे मंडळीच्या वडीलमंडळींना बोलावून तेल लावा. पण "विश्वास असेल तर गोळ्या सोड" हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. सर्पदंश झालेल्या माणसाला प्रार्थनेसाठी थांबवून ठेवू नका. गाडीत बसवा आणि गाडीत प्रार्थना करा. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारापासून अडवणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते पापच होतं. ज्या मिशनऱ्यांनी वऱ्हाडात वचन आणलं त्यांनी वाशीमला रेनॉल्ड्स मेमोरियल दवाखाना बांधला, परतवाड्याजवळ कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांचा दवाखाना उभा केला. प्रार्थना आणि औषध यांत त्यांना भांडण दिसलं नाही.

खेड्यात संदेश फक्त रविवारचा नसतो. साक्षगंध, लग्न, घरभरणी, मयत, सगळीकडे पाळक नसला की तुम्हालाच पुढे करतील. त्यातली सगळ्यात जड मयत कोणती, ते आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. कर्जापायी जीव दिलेल्या माणसाच्या अंगणात काय बोलायचं? पहिलं म्हणजे लगेच बोलायचं नाही. सगळं गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत; त्यांचं तेवढंच बरोबर आलं. तोंड उघडलं आणि चुकत गेले. मी अशा घरी 1 राजे 19 वाचतो. एलिया संदेष्टा झुडपाखाली बसून म्हणतो, पुरे झालं, माझा जीव घे. देव त्याला रागावत नाही. झोपू देतो, भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला उठवतो. एवढं वाचून मी प्रार्थना करतो आणि खाली बसतो.

कुणीतरी हळूच विचारेलच, "साहेब, तो आता कुठं गेला असंन?" आत्महत्या झालेल्या घराला 1 लाखाची मदत द्यायची की नाही हे ठरवायला सरकारी समिती बसते आणि प्रकरण पात्र की अपात्र असा शिक्का मारते. तो शिक्का हातात घेऊन त्या अंगणात उभं राहू नका. न्याय करणारा वेगळा आहे आणि त्यानं आपल्याला समितीवर घेतलेलं नाही. आणि जिवंत माणूस एलियासारखं बोलताना कानावर आलं, "आता नको वाटते" म्हणाला, तर रविवारची वाट बघू नका. त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना सांगा, सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरकडे सोबत जा.

मानाचं विचारलंत. मान आहे, पण बाकीचे सांगतात तिथे नाही. वेचाईच्या दिवसांत रविवारी सकाळी जी बाई उपासनेला येते, तिनं त्या वेळात वेचला असता तेवढा कापूस सोडलेला असतो, म्हणजे किलोवर मिळणारी मजुरी सोडलेली असते. तुमच्यासमोर तुमची काकू बसेल, तुम्हाला शाळेत शिकवलेले मास्तर बसतील, ज्यांची उधारी तुमच्या दुकानाच्या वहीत आहे ते बसतील. एरवी यातलं कुणी तुमचं वीस मिनिटं ऐकून घेणार नाही. तुम्ही पुस्तक उघडलं म्हणून ते गप्प होतात. प्रेषित पौल 1 करिंथ 9:16 मध्ये म्हणतो की सुवार्ता सांगतो यात मला मिरवण्यासारखं काही नाही, ते मला भागच आहे. त्याच अध्यायात पुढे तो म्हणतो की सुवार्ता फुकट सांगायला मिळणं हेच माझं वेतन. मान आणि ओझं त्यानं एकाच श्वासात सांगितले आहेत, मला ते वेगळे करता आले नाहीत.

अजून एक मान आहे, तो कुणाला दिसत नाही. तो भाग आठवडाभर तुमच्याजवळ राहतो. एकदा मी मत्तय 5:23-24 घेतलं होतं: भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण वेदीपाशी ठेव आणि आधी जाऊन समेट कर. सोमवारपासून तयारी सुरू. माझा आणि माझ्या मोठ्या भावाचा धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चार वर्षं अबोला होता. बुधवारपर्यंत मी मूळ ग्रीक शब्दांच्या अर्थात डोकं घातलं होतं, म्हणजे धुरा आठवायला नको. शनिवारी दुपारी एसटीनं गावाला गेलो. वहिनीनं चहा ठेवला. भाऊ म्हणाला, "तुले उद्या प्रवचन असंन, म्हनून आलास." मी म्हटलं, व्हय. तो हसला. धुरा आजही तिथंच आहे, पण आम्ही बोलतो. त्या रविवारी संदेश दहाच मिनिटांचा झाला.

तयारीकडे येतो. पहिले दोन दिवस काही लिहू नका. तो भाग मोठ्यानं वाचा, दहा वेळा. बायबल सोसायटीचं भाषांतर आणि एखादं सोप्या मराठीतलं, दोन्ही समोर ठेवा. वाचताना जिथे जीभ अडते तिथे ऐकणाऱ्याचं मनही अडतं, ती जागा पेन्सिलीनं खुणावा. नहेम्या 8:8 मध्ये लेवी ग्रंथ स्पष्टपणे वाचत आणि लोकांना समजेल असा अर्थ सांगत, असं आहे. आपल्याकडे शास्त्रभाग घाईत उरकतात आणि मग अर्धा तास बोलतात. कवी नारायण वामन टिळकांना बायबलचा नवा करार मिळाला तो नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत, एका अनोळखी सहप्रवाशाकडून. मत्तयातलं डोंगरावरचं प्रवचन वाचताना ते त्यात गुंतले आणि 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या प्रवाशाचं बोलणं त्यांना पटलं असेल नसेल, पण ते तीन अध्याय त्यांना सुटेनात. म्हणून वचन वाचतानाच पूर्ण जोर लावा.

शब्दांचं एक. 'नीतिमान ठरणे', 'पवित्रीकरण', 'प्रायश्चित्त' हे शब्द आपण लहानपणापासून ऐकतो म्हणून समजल्यासारखे वाटतात. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल साध्या मराठीत उतरवलं. थोडंफार शिकलेल्या बाईलाही ते कळावं, म्हणून आयुष्याची शेवटची वर्षं त्यात घातली. 1922 साली त्या वारल्या. तुमच्या मंडळीतही समोर बहुतेक बायाच असतील. त्यांना कळेल असं बोला. घरी वऱ्हाडी बोलत असाल तर व्यासपीठावर तोंड पुण्याचं करू नका. उलट शहरातून आलेले काही पाहुणे मुद्दाम "मायबाप हो, कसं हाय" करतात, तेही लोकांना लगेच कळतं.

उदाहरणं आपल्या शिवारातली घ्या, पण तपासून. 2008 च्या कर्जमाफीनंतर मी मोठ्या उत्साहात सांगितलं की कृपा म्हणजे कर्जमाफी. मागून एक म्हातारबा उठले, "मंग साहेब, मले नाई भेटली. माही जमीन सात एकर." त्या योजनेत 2 हेक्टरपर्यंतच्यांनाच पूर्ण माफी होती, त्यावरच्यांना उरलेले पैसे भरले तर 25 टक्के सूट. आपल्या कोरडवाहू भागात सात एकरवालाही गरीबच असतो. माझ्या उदाहरणानं त्यांना कृपेच्या बाहेर ठेवलं होतं. आता मी कलस्सै 2:14 सांगताना सातबारावरचा बोजा सांगतो. पैसे फिटले तरी सातबारावर बोजा दिसत राहतो, तलाठ्याकडे फेरफार होऊन तो कमी होईपर्यंत माणसाला झोप नसते. त्या वचनात म्हटलं आहे तसा आपल्याविरुद्धचा ऋणलेख वधस्तंभावर खोडला गेला, नोंदीसकट. हे सगळ्यांना कळतं, आणि पाच एकर की सात एकर हा प्रश्न येत नाही.

ऐकणारे कधी कधी आपल्यापेक्षा जास्त बघतात. पेरणाऱ्याचा दाखला, मार्क 4, मी कितीतरी वेळा सांगितला होता: वाटेवरचं बी, खडकावरचं, काटेरी झुडपांतलं, चांगल्या जमिनीतलं, आणि मग नेहमीचा प्रश्न, तुमची जमीन कोणती? एका घरसभेत एक शेतकरी म्हणाला, "पन हा शेतकरी कसा हो? बी रस्त्यावर फेकते?" सगळे हसले. आपल्याकडे तिफणीच्या सरत्यातून बी मोजून जातं, कपाशी तर एकेक दाणा टोबतात. थैलीची किंमत माहीत असलेला माणूस वाटेवर बी जाऊ देत नाही. त्या देशात तेव्हा बी हातानं फोकून पेरत, म्हणून ते चारीकडे जाई, हे मी सांगितलं. पण घरी जाताना त्याचा प्रश्न सुटेना. दाखल्यातला पेरणारा हात आखडत नाही. कुठे उगवणार नाही हे ठाऊक असूनही तिकडे मूठ जाते. मी इतकी वर्षं जमिनीच्या चार प्रतींवर बोलत होतो आणि पेरणाऱ्याकडे पाहिलंच नव्हतं. तुम्ही बियाणं विकता, तुम्ही हा दाखला माझ्यापेक्षा चांगला सांगाल.

आणि लोकांना असं बोलायला जागा ठेवा. आपल्याच अमरावती जिल्ह्यात शेंडगावला जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात प्रश्न विचारत आणि लोक उत्तर देत. हजारोंची गर्दी असली तरी दोन माणसं बोलत बसल्यासारखं वाटे. तुमच्याकडे पंचवीस माणसं असतील. विचारायला काय हरकत आहे? उत्तर चुकलं तर कुणाला खाली बघायला लावू नका, एवढंच. शेजारच्या देवळात हरिपाठ चालू असेल तर त्यांच्या श्रद्धेची टिंगल करून टाळ्या मिळवू नका. उद्या पेरणीला बैल किंवा ट्रॅक्टर त्यांच्याकडूनच मागायचा आहे, हे झालं व्यवहाराचं. शिवाय प्रभूनं शेजाऱ्यावर प्रीती करायला सांगताना शेजारी कोणत्या देवळात जातो ते विचारलेलं नाही.

वेळ वीस मिनिटं. त्रोवसला पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि खिडकीत बसलेला युतुख झोपेत तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला (प्रेषितांची कृत्ये 20). पौलाला त्याला मेलेल्यातून पुन्हा उठवता आलं. आपल्याला ते जमेल याची खात्री नसेल तर वेळेत संपवावं.

मोबाईलचं प्रवचन: ऐका, शिका, पण जसंच्या तसं सांगू नका. एखादी गोष्ट घेतली तर कुणाची ते सांगा. मोठ्या शहरातला उपदेशक फ्लॅटच्या हप्त्यावर आणि विमान चुकल्यावर बोलतो. तुमच्या काकूला त्यातलं काय कळणार? शिवाय ते त्यानं त्याच्या लोकांसाठी आठवडा घालून शिजवलेलं आहे. तुमच्या लोकांना तुमच्या चुलीवरचं हवं, थोडं करपलं तरी.

पहिल्या वेळी मार्क 4:26-29 घ्या. चारच वचनं आहेत. माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो, बी रुजतं आणि वाढतं, कसं ते त्याला कळत नाही. तुमच्यासमोर बसलेला प्रत्येकजण यातला जाणकार आहे, तुम्हाला फार समजावून सांगावं लागणार नाही, आणि त्यात 'यंदा बघाच' असं कुठेही नाही.

एक मात्र राहिलं. तुम्ही कृषी केंद्रात आहात. रविवारी संदेश ऐकलेली तीच माणसं सोमवारी सकाळी तुमच्या काउंटरवर युरिया मागायला येतील. हंगामात काही दुकानं युरियाच्या थैलीसोबत नको असलेली औषधाची बाटली गळ्यात मारतात, 'लिंकिंग' म्हणतात त्याला. ते कायद्यानंही चालत नाही. तुमच्याकडे ते चालतं की नाही मला माहीत नाही. चालत असेल तर बिल तुमच्याच हातानं होणार. म्हणून व्यासपीठावर उभं राहण्याआधी, याच आठवड्यात, मालकाशी बोलून घ्या.